सात साक्षी आणि एक विरजण

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुपारी चार वाजता हेमांगी बावडेकर खोटं बोलली. शब्द एकच होता, ‘जुळलं.’ कुणाचं काही लुबाडायचं तिच्या मनातही नव्हतं. उलट एका भल्या माणसाचा मान राखायचा होता. आता बोला! मान राखायला म्हणून केलेली गोष्ट अडीच लाख लोकांच्या गळ्याशी येईल, हे कुणाच्या डोक्यात येणार?

खरं तर खोटं खपवून घेणं तिच्या धंद्यातच बसत नव्हतं. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ तिचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. हळदीचा व्यापारी असो की बेदाण्याचा, काटा बिघडला की गाडी हेमांगीच्या दारात. गिऱ्हाइकानं सोबत आणलेल्या वजनांना ती हात लावायची नाही. स्वतःची पितळी वजनं कपाटातून काढायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि मगच काटा तपासायची. ‘ताई, आमच्या वजनांवर भरवसा नाही का?’ असं कुणी चिडून विचारलं की म्हणायची, ‘नाही. हवं तर चहा घ्या.’

रविवारी मात्र ती दुसरं काम करायची, फुकट आणि मनापासून. ते काम ‘कवाड’चं.

सन २०३६. ब्राउझर म्हणजे बातम्या वाचायची नि गाणी ऐकायची खिडकी, हे दिवस केव्हाच मागे पडले होते. आता माणसाचा होकार ब्राउझरमधून जात होता. सातबाऱ्यावरची नोंद असो, ऑपरेशनची परवानगी असो, की पोटाला चिकटवलेल्या इन्सुलिन पंपाचा डोस असो, पडद्यावर मजकूर यायचा, माणूस ‘हो’ दाबायचा, आणि ब्राउझर त्या माणसाच्या नावानं सही करून तो होकार पुढे धाडायचा. अंगठा गेला, पेन गेलं. ब्राउझर ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत माणसाचं ‘हो’. बहुतेक लोक एका मोठ्या कंपनीचा ‘सोबती’ वापरत. सोबती गोड बोलायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचा, न सांगता फॉर्म भरायचा. त्याच्या पोटात काय चालतं ते मात्र कंपनीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

कवाड त्याच्या अगदी उलट. दिसायला ओबडधोबड, बोलायला मुखदुर्बळ, पण त्याची ओळ न् ओळ उघडी. ज्याला वाटेल त्यानं वाचावी, चूक दिसली तर सांगावी. वामन कुंभोजकर सरांनी बारा वर्षांपूर्वी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, काही माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ते उभं केलं. मग स्कूटरवर बसून ते गावोगाव हिंडले. शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात, दूध संकलन केंद्रावर, जिथे चार माणसं बसतील तिथे त्यांनी ब्राउझर कसा निवडावा यावर वर्ग घेतले. चार जिल्ह्यांत अडीच लाख लोक कवाड वापरत होते ते त्या स्कूटरच्या जिवावर.

पण उघडं असून भागत नाही, हेही सरांनीच शिकवलं होतं. माणसाला वाचता येते ती आज्ञावली यंत्राला कळत नाही. तिचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करावं लागतं, आणि ते करणाऱ्या प्रोग्रॅमला कम्पायलर म्हणतात. हा कम्पायलर स्वतःसुद्धा एक प्रोग्रॅमच; तो त्याच्या आधीच्या कम्पायलरनं तयार केलेला असतो. सर वर्गात विरजणाचं उदाहरण द्यायचे. ‘दूध कितीही चांगलं घ्या. विरजण बिघडलेलं असेल तर दही बिघडणार. आणि त्याच दह्याचं विरजण उद्या लावलंत तर उद्याचंही बिघडणार. दूध तपासून काही कळायचं नाही, कारण दोष दुधात नाहीच.’

यावर उपाय म्हणून सात साक्षी नेमले होते. प्रत्येकानं आपलं विरजण, म्हणजे आपला कम्पायलर, पार मुळापासून स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावर तयार करायचा आणि दुसऱ्याचा कधी घ्यायचा नाही. नवी आवृत्ती आली की सातही जणांनी ती वेगवेगळी घडवायची. घडलेल्या फाइलचा एक ठसा निघतो, चौसष्ट अक्षरांचा. फाइलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडं झालं तरी सबंध ठसा बदलतो. सात घरांतले सात ठसे जुळले, तर मधे कुणी हात मारलेला नाही हे नक्की. दर रविवारी चार वाजता फोनवर हजेरी व्हायची. सगळ्यांत वडील म्हणून सर आधी ठसा वाचायचे, मग वयाच्या क्रमानं एकेक जण म्हणायचा, ‘जुळलं.’

तीन महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी हेमांगीचं जुळलं नव्हतं. सर एकेक अक्षर वाचत गेले आणि तिच्या पडद्यावर भलतंच काही. तिच्या आधी चौघं ‘जुळलं’ म्हणून मोकळे झाले होते. तिला वाटलं, आपलाच लॅपटॉप जुना, आपल्याच हातून काहीतरी राहिलं असणार. सरांचं चुकेल? छे! तीसुद्धा ‘जुळलं’ म्हणाली. मग हळूच सरांचा कम्पायलर उतरवून घेतला आणि त्यानं घडवून पाहिलं तर अक्षर न् अक्षर जुळलं. बघ, आपलंच चुकत होतं, असं स्वतःला सांगून ती निर्धास्त झाली. मऊ फडक्यानं वजनं पुसणारी ही बाई!

आज रविवारी दुपारी सव्वादोन वाजता अश्फाकचा फोन आला, तेव्हा हेमांगी एका अडलेल्या गिऱ्हाइकाचा काटा उघडून दुकानात बसली होती. अश्फाक मुजावर मिरजेचा, एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन, साक्षींमध्ये वयानं धाकटा.

‘ताई, एक सांगायचंय. रागावणार नाही ना?’

‘बोल की.’

‘तीन महिन्यांपूर्वी माझं जुळलं नव्हतं.’

हेमांगीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काट्यावरच राहिला.

‘मी सरांचा कम्पायलर घेतला नि जुळवलं,’ अश्फाक सांगत होता. ‘तुम्ही सगळे जुळलं म्हणालात, मग मी एकटा कोण टिकोजी? पण ते मनातनं जाईना. आज सुट्टी होती, म्हणून माझ्या जुन्या विरजणाचं कवाड आणि सरांच्या विरजणाचं कवाड शेजारी शेजारी ठेवून फरक काढला. ताई, सरांच्यात एक तुकडा जास्तीचा आहे. मूळ आज्ञावलीत तो कुठंच नाही.’

‘काय करतो तो तुकडा?’

‘काहीच नाही. झोपलाय. पण त्यात एक घड्याळ आहे. एका ठरावीक वेळेनंतर माणूस हो म्हणाला की पडद्यावर आकडा एक राहणार आणि सही होऊन पुढं जाणारा आकडा दुसरा. जमिनीचा, औषधाचा, कुठलाही.’

‘कधीची वेळ?’

‘आजची. संध्याकाळी सात.’

तीन महिन्यांत ती आवृत्ती अडीच लाख यंत्रांवर गेली होती.

‘ताई, तुमचं तरी खरंच जुळलं होतं ना?’ अश्फाकनं अगदी आशेनं विचारलं.

‘नाही रे,’ ती म्हणाली. ‘मीही सरांचंच घेतलं.’

पाच मिनिटांत तिनं शटर ओढलं आणि स्कूटर विश्रामबागेत सरांच्या घराकडे वळवली. सिग्नलला थांबली असताना तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: सातांपैकी दोघे गेले. बाकी पाच खरे असतील तर पाच खरे ठसे आणि दोन उधारीचे. पण पाच खऱ्या ठशांत तो तुकडा आला कुठून?

सुमतीकाकूंनी दार उघडलं. ‘अगो, आज इतक्या लवकर? हजेरी चारला ना? ये, थालीपीठ टाकते.’ काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांच्या कमरेला पदराआड छोटा इन्सुलिन पंप होता. हेमांगीची नजर आधी त्याच्यावर गेली.

सर आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. समोर चकचकीत लॅपटॉप, त्याच्या झाकणावर अजून सोनेरी अक्षरांची पट्टी: ‘अमृतमहोत्सवी सत्कारानिमित्त, आपल्या चाहत्यांकडून’. तीन महिन्यांपूर्वी सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा भावे नाट्यमंदिरात मोठा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पुण्याच्या कुठल्याशा मंडळाकडून हा लॅपटॉप. त्या मंडळाचं नाव त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, पण सत्काराच्या स्टेजवर कोण चौकशी करतो?

‘सर, तुम्ही विरजण या लॅपटॉपवर केलंत?’

‘हो. जुना फार तापायचा.’ सर हसले. ‘त्यात आधीच सगळं घालून दिलं होतं त्यांनी. बरं पडलं.’

‘आधीच घालून? कम्पायलरसुद्धा?’

सरांचं हसू थांबलं. ‘म्हणजे... मी त्याच्यावरून पुढचा केला. हेमांगी, सातांचे सात ठसे जुळले होते. जुळल्यावर शंका कशाला घ्यायची?’

तिनं अश्फाकनं धाडलेला फरक त्यांच्यासमोर ठेवला. सर चष्मा वर करून वाचत राहिले. गणिताचे मास्तर ते. दोन मिनिटांत त्यांना कळायचं ते कळलं. कळलं तरी त्यांनी मान हलवली.

‘अश्फाकच्या यंत्रात दोष असेल. एकटा तो म्हणतोय.’

‘एकटा नाही, सर. माझंही जुळलं नव्हतं.’

‘तू जुळलं म्हणालीस. मी स्वतः ऐकलं.’

‘खोटं बोलले.’

ती नववीत त्यांच्या वर्गात होती तेव्हासुद्धा सरांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ‘तू?’ ते म्हणाले. ‘दुसऱ्याच्या वजनाला हात न लावणारी तू?’

‘हो सर, मी. मला लाज वाटते. पण आता लाजेला वेळ नाही. लोकांना सांगा, सातच्या आत कवाड बंद करा म्हणून.’

सर उठले, खिडकीशी गेले. ‘उद्या चार जिल्ह्यांच्या दवाखान्यांची बैठक आहे. कवाड घ्यायचं की सोबती, याचा निर्णय उद्या. बारा वर्षं मी याच दिवसाची वाट बघतोय. आज मी म्हणालो की कवाड फुटलं, तर उद्या सगळे सोबतीकडे जातील आणि पुन्हा कधी फिरून यायचे नाहीत. गुपचूप नवी आवृत्ती सोडू. दुरुस्त करून.’

‘कशानं घडवणार ती? एकट्या अश्फाकच्या जुन्या विरजणानं, साक्षींशिवाय? सगळ्यांनी मुळापासून नवं करायचं म्हटलं तर दोन दिवस लागतील. आता पावणेतीन झालेत.’

‘मग काय, माझ्या हातानं माझं काम बुडवू?’ सरांचा आवाज चढला. ‘तुला सोपं आहे बोलणं!’

हेमांगीचंही डोकं फिरलं. सरांशी वर आवाज करून ती आयुष्यात बोलली नव्हती. ‘काकूंचा संध्याकाळचा डोस कशातून जातो, सर?’

दारात काकू थालीपीठाची ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. ताटली टेबलावर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, ‘चारची वाट कशाला बघता? आत्ताच लावा की फोन सगळ्यांना.’

तीन वाजता सातही जण फोनवर आले. सरांनी ठसा वाचला नाही. ते म्हणाले, ‘आज मी शेवटी बोलेन. धाकट्यापासून सुरुवात करू. तीन महिन्यांपूर्वीचा ठसा. तुमच्या स्वतःच्या विरजणाचा. जुळला होता की नाही, तेवढंच सांगा. कुणावर रागावणार नाही.’

अश्फाक म्हणाला, ‘नव्हता, सर.’

हेमांगी म्हणाली, ‘नव्हता.’

मग तासगावची शैला माळी. ती शाळेत विज्ञान शिकवायची, सरांचीच विद्यार्थिनी. ‘शैला?’ सरांनी विचारलं. ‘नव्हता, सर,’ शैला म्हणाली आणि रडायलाच लागली. ‘मला वाटलं माझंच काही चुकलं.’

जतचा सिद्धाप्पा बिरादार म्हणाला, ‘माझा बी नव्हता. तुमास्नी कसं सांगायचं म्हणून गप बसलो.’

उरलेले दोघेही तेच म्हणाले. एक इस्लामपूरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि एक विट्याच्या डॉक्टरीणबाई. दोघंही जाणत्या वयाची. सहा घरांत सहा यंत्रांनी सहा वेळा बोंब मारून सांगितलं होतं की सरांचं विरजण वेगळं आहे, आणि सहाही जणांनी आपलंच यंत्र मोडीत काढून सरांचं विरजण घरी आणलं होतं. कागदोपत्री साक्षी सात, प्रत्यक्षात एक. आणि त्या एकाचा लॅपटॉप सत्कारात मिळालेला. हे कुणी केलं आणि कशासाठी, ते पुढे तपासात निघायचं तेव्हा निघेल. त्या घटकेला ते विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

सर खुर्चीत खचून बसले. ‘मी इतका धाक दाखवायचो का रे तुम्हाला?’ त्यांनी विचारलं.

‘धाक नाही, सर,’ सिद्धाप्पा म्हणाला. ‘माया हाय. म्हणूनच तर घात झाला.’

कवाड उघडलं की पहिल्या पानावर एक फळा दिसायचा, आणि त्यावर सर रोज सकाळी दोन ओळी लिहायचे. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी फळा पुसला. हेमांगी पाठीमागे उभी होती. सरांनी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही.

‘कवाड बिघडले आहे. चूक माझी आहे. आज संध्याकाळी सातच्या आत कवाड बंद करा व काढून टाका. दुसरा कोणताही ब्राउझर वापरा. सोबतीसुद्धा चालेल. वामन कुंभोजकर.’

‘सोबतीसुद्धा चालेल’ हे शब्द त्यांनी पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी डोळे मिटून पाठवायचं बटण दाबलं.

फळ्याचं काम झालं, पण सगळे काही फळा बघत नाहीत. आणि कवाड कुणावर पाळत ठेवत नसे. कोण वापरतं, कुठे वापरतं, याची नोंदच नव्हती. एरवी ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तीच आज आडवी आली. मग काकूंनी कपाटातून सरांच्या वर्गांची हजेरीची लांबडी वही काढली. त्यात पंप वापरणाऱ्यांची नावं वेगळ्या पानांवर होती, फोन नंबरासह. एकूण तीनशे बारा. जमिनीची नोंद उद्या वकील लावून फिरवता येईल. शरीरात गेलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही. पानांचे फोटो धाडून सात जणांनी ती वाटून घेतली आणि फोन सुरू झाले. पहिलं नाव काकूंचं होतं. त्यांनी स्वतःच कवाड काढून टाकलं, पंप हातानं चालवायच्या बटणावर घेतला आणि शांतपणे चहा टाकायला गेल्या.

हेमांगी सरांच्या शेजारी बसून फोन लावत होती आणि सर बोलत होते. ‘मी कुंभोजकर बोलतोय. कवाड बंद करा.’ समोरून उत्तर यायचं, ‘तुम्ही म्हणताय ना सर, मग झालं. केलं बंद.’ कुणी का म्हणून विचारलं नाही. कुणी एकदासुद्धा म्हटलं नाही की जरा थांबा, बघतो. सुरुवातीला हेमांगीला हायसं वाटलं. सगळ्यांचे मिळून शंभर झाले, दीडशे झाले. पण सरांचा चेहरा मात्र दर फोनगणिक उतरत चालला होता.

‘काय झालं, सर?’

‘उद्या माझा आवाज काढून कुणी यांना सांगितलं की घराची कागदपत्रं द्या, तर हेच म्हणतील. तुम्ही म्हणताय ना सर, मग झालं. बारा वर्षं मी यांना काय शिकवलं गं?’

तिनं पुढचा नंबर फिरवला.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी सगळ्यांची पानं संपली. तीनशे अकरा नावांपुढे खूण झाली. राहिलं एक, शेवंता कोळेकर, मुक्काम आरेवाडी, वय अडुसष्ट. फोन लागायचा, वाजायचा, कुणी उचलायचं नाही. सिद्धाप्पानं आठ वेळा लावला. आरेवाडीत कुणाच्या ओळखीचं कुणी आहे का, शोध झाला. ज्याचा नंबर मिळाला तो मेंढरं घेऊन पार कोकणात उतरलेला. सरांनी वहीतली शेरेवजा नोंद वाचून दाखवली: ‘एकटी राहते. जेवण सातला. डोस जेवणाआधी.’

सहा पन्नास. हेमांगी उभी राहून फोन लावत होती. बसवतच नव्हतं तिला. सहा त्रेपन्न. सहा पंचावन्नला पलीकडून आवाज आला.

‘कोन हाय?’

हेमांगीनं फोन स्पीकरवर टाकून सरांपुढे धरला. ‘शेवंताबाई, मी कुंभोजकर बोलतोय. कवाड बंद करा. आत्ताच्या आत्ता.’

‘कोन कुंभोजकर?’

‘सर. तुमच्या गावच्या शाळेत वर्ग घेतला होता मी.’

‘आवाज तर सरांचाच वाटतुया. पर सर कशावरनं तुमी?’

सर गडबडले. ‘म्हणजे काय? फळ्यावर लिहिलंय मी.’

‘ते बी दुसऱ्या कुनी लिवलं आसंल. सरांनीच सांगिटलंय, आवाज कुनाचा बी काढता येतुया, आवाजावर जायचं न्हाई. फोनवर कुनी घाई कराय लागलं तर आदी त्याच्यावरच संशव घ्यायचा. तुमी तर लईच घाई कराय लागलाय.’

‘अहो बाई, पण मीच तो सर!’

‘समदे आसंच म्हंत्यात. ठेवते. भाकरी थंड व्हाय लागली.’

‘ठेवू नका!’ हेमांगी ओरडली. घड्याळात सहा अठ्ठावन्न. ‘आजी, ठेवू नका, पाया पडते!’

‘आता ही कोन आनि?’

सरांनी हात वर करून हेमांगीला गप्प केलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज एकदम निवला होता.

‘बरोबर आहे तुमचं, शेवंताबाई. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी सर आहे की चोर आहे, ते सोडून द्या. तुम्ही स्वतः बघा. पंप जवळ आहे?’

‘पोटालाच हाय की.’

‘त्याच्यावर बारीक काच आहे, आकडा दिसतो. आणि शेजारी हिरवं बटण. ते दाबल्याशिवाय इन्सुलिन आत जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे?’

‘म्हाईत हाय. डाक्टरनं दावलंया.’

‘मग सात वाजले की रोजच्यासारखं कवाडातून हो म्हणा. पण हिरव्या बटणाला हात लावू नका. आधी पडद्यावरचा आकडा वाचा आणि मग काचेवरचा वाचा. दोन्ही सारखे असले तर मी खोटा. खुशाल फोन आपटा.’

हेमांगीनं सरांचं मनगट घट्ट धरलं. बाईनं सवयीनं बटण दाबलं तर? वर्षानुवर्षं बोटाला लागलेली सवय ती! सरांनी तिचा हात सोडवला नाही. पलीकडे भांड्याचा आवाज झाला, मग फोन कुठेतरी ठेवल्याचा. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. सात वाजून एक मिनिट झालं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

‘हो म्हनलं,’ शेवंताबाईंचा आवाज आला. ‘पडद्यावर सा दिसतुया. सा म्हंजी बराबर, रोज सा आसतुया.’

‘आणि काचेवर?’

‘थांबा की. चष्मा कुठं ठिवला... हां.’

‘शेवंताबाई?’

‘सव्वीस,’ ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. ‘अगं बया बया. सव्वीस हाय हो हितं!’

‘लाल बटण दाबा. दाबलं?’

‘दाबलं. काच कोरी झाली.’

‘आता कवाड बंद करा आणि पंप हातानं चालवा, डॉक्टरांनी शिकवलंय तसा. सहाचा. टोचण्याआधी पुन्हा काच बघा.’

‘बगते की. बगितल्याबिगार कोन टोचून घ्यील?’ थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘झालं. साच गेलं. आनि हे बगा, तुमी सर आसाल न्हाईतर नसाल, पर मानूस बरं दिसताय. जेवते आता.’ आणि तिनं फोन ठेवून दिला.

हेमांगी जमिनीवरच बसली. आपण हसतोय की रडतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सरांनी वहीतल्या त्या शेवटच्या नावापुढे खूण केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

‘आपण सात जण होतो, हेमांगी,’ ते म्हणाले. ‘आणि एवढं आपल्यातल्या एकालाही जमलं नाही.’